वर्गातली रिकामी जागा

दसरा-दिवाळी झाली की हिंगोली जिल्ह्यातील अनेक वाड्या, वस्त्या आणि तांडे ओस पडू लागतात. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होणार असतो. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे आपला संसार ट्रकमध्ये भरतात आणि पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे ऊस तोडायला निघतात. या कामात नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. कोयत्याबरोबर मुलेही जातात. थोरली मुलगी कोपीत राहून धाकट्या भावंडाला सांभाळते. मुलगा वाढे गोळा करतो, मोळ्या बांधायला मदत करतो. ही कुटुंबे परत येतात ती साधारणपणे मार्च-एप्रिलमध्ये. तोपर्यंत वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. मुलांची नावे हजेरीपटावर असतात, पण वर्गातली त्यांची जागा पाच-सहा महिने रिकामी असते.

हे असे का घडते? १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा निर्माण झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. येथील बरीच शेती पावसावर अवलंबून आहे. ज्याची जमीन थोडी किंवा मुळीच नाही, त्याला खरिपाचे पीक निघाल्यावर गावात पुरेसे काम मिळत नाही. मग घेतलेली उचल फेडण्यासाठी घर सोडावे लागते. म्हणून ‘त्या लोकांना शिक्षणाची आवडच नाही’ असे म्हणणे बरोबर नाही. मूल शाळेबाहेर राहते, त्यामागे काहीतरी अडचण असते. ती अडचण कोणती हे ओळखणे, ही समाजसेवेची पहिली पायरी होय.

शाळेने समाजासाठी काम करावे, हा विचार नवा नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने समाजसेवा हा शिक्षणाचाच भाग असावा, अशी शिफारस केली होती. त्याआधीच महाराष्ट्राने हे करून पाहिले होते. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. दिवसा मुले ज्या शाळेत शिकत, तेथेच रात्री गावातील प्रौढ माणसे पाटी घेऊन बसू लागली. शिक्षक आणि वरच्या वर्गातील विद्यार्थी त्यांना स्वेच्छेने शिकवीत. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. पुढे ही मोहीम राज्यातील इतर जिल्ह्यांतही पसरली.

या मोहिमेतून एक धडाही मिळाला. समारंभ झाला, हारतुरे झाले, म्हणजे काम संपले असे होत नाही. वाचायला पुस्तक मिळाले नाही, तर शिकलेली अक्षरे माणूस पुन्हा विसरतो. म्हणूनच नवसाक्षरांसाठी फिरत्या वाचनालयांची गरज भासली. मुलांच्या बाबतीतही असेच आहे. वर्षातून एक दिवस वस्तीवर जाऊन पाट्या आणि वह्या वाटल्या, तर फोटो चांगला निघेल. परंतु डिसेंबरमध्ये त्या मुलाची जागा रिकामीच राहील.

मग शाळेने काय करावे? समजा, तुमच्या शाळेने असा प्रकल्प हाती घेतला, तर त्याची सुरुवात दिवाळीच्या आधी व्हायला हवी. शिक्षकांबरोबर घरोघर जाऊन तुम्ही एक यादी तयार करू शकाल. कोणते कुटुंब जाणार आहे? घरी आजी-आजोबा राहणार आहेत का? मूल त्यांच्याजवळ राहू शकेल का? शासनाने अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आणली. आईवडील कामावर गेले तरी मुलाने गावातच राहावे, त्याला जेवण मिळावे आणि त्याची शाळा चालू राहावी, हा तिचा हेतू. जे मूल आईवडिलांबरोबर जाणारच असेल, त्याच्यासाठी शिक्षण हमी कार्ड असते. ते दाखवून जिथे कुटुंब जाईल तिथल्या शाळेत बसता येते. काही साखर कारखान्यांच्या परिसरात साखरशाळाही चालवण्यात आल्या. या सोयी पुष्कळ पालकांना माहीत नसतात. त्यांना त्या समजावून सांगणे, हेही मोठे काम आहे.

कायदाही मुलांच्या बाजूने आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली मंजूर झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला त्याने शिक्षणाचा हक्क दिला. जन्माचा दाखला किंवा आधीच्या शाळेचा दाखला जवळ नाही, एवढ्या कारणावरून मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. मागे पडलेल्या मुलाला त्याच्या वयाप्रमाणे योग्य वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यावे, असेही हा कायदा सांगतो. म्हणजे आपण त्या मुलावर उपकार करत नाही. जे त्याचेच आहे, ते त्याच्यापर्यंत पोहोचवतो. त्याच्याशी बोलताना हे विसरू नये. चार लोकांसमोर त्याच्या गरिबीचा उल्लेख केला, तर तो वही घेईल, पण शाळेत येणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमची मराठी अजून कच्ची आहे, आम्ही काय मदत करणार? मुलांनो, याच कारणाने तुम्ही चांगली मदत करू शकाल. बंजारा तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते. तुम्ही घरी दखनी किंवा उर्दू बोलता. त्याला आणि तुम्हाला, दोघांनाही मराठी शाळेत शिकावी लागली. समोर पुस्तक उघडे आहे आणि शब्द कळत नाही, तेव्हा मनाची काय अवस्था होते, हे तुम्ही जाणता. नव्या भाषेत ओळखीचे शब्द कसे सापडतात, हेही तुम्हाला ठाऊक आहे. हजेरी, दाखला, दप्तर, शाई हे शब्द तुम्हाला मराठीच्या पुस्तकात भेटले, तेव्हा परके वाटले नसतील. असाच एकेक शब्द हाती धरून दुसऱ्यालाही पुढे नेता येते.

आणखी एक काम अगदी सोपे आहे. वर्गातला जो सोबती बाहेरगावी गेला, त्याच्यासाठी एक वही ठेवा. रोज एकाने पाळीपाळीने त्या दिवसाचा धडा आणि गणिते तिच्यात सुवाच्य अक्षरांत उतरवावीत. तो परत आला की ती वही त्याच्या हाती द्यावी आणि रोज अर्धा तास त्याच्याजवळ बसावे. यात तुमचेही नुकसान नाही. जे आपल्याला नीट समजलेले नाही, ते दुसऱ्याला शिकवताना लगेच कळते.

मुकादमाची उचल, पावसाची ओढ, गावात नसलेले काम, हे प्रश्न विद्यार्थी सोडवू शकत नाहीत. ते सरकारने आणि मोठ्यांनी सोडवायचे आहेत. परंतु मार्चमध्ये परतलेल्या मुलीला वर्गाच्या दारातून परत फिरावेसे वाटेल की आत येऊन बसावेसे वाटेल, हे पुष्कळसे तिच्या सोबत्यांवर अवलंबून असते. तिची जागा राखून ठेवा, आणि तिची वहीही.

शब्दार्थ
उचल – कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. मुकादम – मजुरांची टोळी जमवणारा. कोपी – ऊसतोड मजुरांची झोपडी. वाढे – उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला. सुवाच्य – सहज वाचता येईल असे.

स्वाध्याय
१. ऊसतोड मजुरांच्या मुलांची वर्गातली जागा रिकामी का राहते?
२. सातारा जिल्ह्यातील मोहिमेतून कोणता धडा मिळाला?
३. ‘आपण त्या मुलावर उपकार करत नाही’ असे लेखकाने का म्हटले आहे?
४. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आढळणारे दहा शब्द शोधून लिहा.
५. तुमच्या वस्तीत शाळेत न येणारी मुले आहेत का? त्यांची अडचण समजून घ्या आणि वर्गात पाच वाक्ये सांगा.