तबकडीचं वजन नको, मूळ विचारा

प्रश्न : माझ्या आजोबांना रेकॉर्डचा फार शौक होता. यंदा घर आवरताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत त्यांच्या चाळीस-पन्नास तबकड्या निघाल्या. काही मोठ्या, काही बशीएवढ्या, तर काही जाड आणि कौलासारख्या ठिसूळ. त्यात लताबाईंची ‘ज्ञानेश्वर माउली’ही आहे. हल्ली जुन्या अल्बमच्या नव्या तबकड्या ‘१८० ग्रॅम’, ‘रीमास्टर्ड’ अशी चिठ्ठी लावून दोन-तीन हजारांना मिळतात. त्या खरोखरच जास्त चांगल्या वाजतात का? मी संग्रह सुरू करायचं म्हणतोय. मग या जुन्या तबकड्यांचं काय करू?
– एक वाचक, सोनई (ता. नेवासा)

उत्तर : आधी ती पेटी माळ्यावरून खाली आणा. उत्तर त्यानंतर वाचलंत तरी चालेल. अहिल्यानगर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालचा माळा त्याहून कितीतरी जास्त तापतो. एलपी ही पीव्हीसीची. ती वितळत नाही, पण उष्णतेनं मऊ पडते, वरच्या ओझ्यानं वाकते, आणि एकदा वाकलेली तबकडी सरळ करण्याचा भरवशाचा घरगुती उपाय मला माहीत नाही. तबकड्या एकावर एक रचू नका. कपाटात पुस्तकं ठेवतो तशा उभ्या ठेवा, खालच्या मजल्यावर, बाहेरच्या तापणाऱ्या भिंतीपासून दूर. जिथं ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या नेवाशाच्या तालुक्यात ‘ज्ञानेश्वर माउली’ अशी तापत पडावी, हे वाचून मला चैन पडेना.

आता वजनाबद्दल. नेहमीची एलपी साधारण १२० ते १४० ग्रॅमची असते. १८० ग्रॅमची तबकडी हाताला भरीव लागते, सहसा वाकत नाही, फिरताना स्थिर राहते. एवढे तिचे फायदे खरे. पण सुई तबकडीच्या जाडीत शिरत नाही, ती फिरते वरच्या खाचेत, आणि खाच दोन्हींमध्ये सारखीच असते. त्यामुळे ‘१८० ग्रॅम’ हे शब्द वाचून आवाजाबद्दल काहीच कळत नाही. किलोचा आंबा गोड की आंबट हे तराजू सांगत नाही, तसंच हे.

आवाज ठरतो वजनाच्या कितीतरी आधी. स्टुडिओतल्या मूळ टेपवरून एक माणूस नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर दिलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर खाच कापतो. त्या चकतीवर धातूचा मुलामा चढवून उलटा ठसा काढतात, त्यावरून पुन्हा सुलटा, पुन्हा उलटा, आणि शेवटच्या उलट्या ठशानं गरम प्लॅस्टिक दाबून तबकड्या छापल्या जातात. टेप कोणत्या अवस्थेत होती, ती मूळ होती की नकलेची नक्कल, खाच कापणाऱ्याचा कान कसा होता, आणि तुमची तबकडी ताज्या ठशावर छापली की झिजलेल्या, हे चार प्रश्न खरे. कंपनीनं त्यांचं उत्तर पाकिटावर छापलं असेल तर पैसे मोजा. नुसतं ‘रीमास्टर्ड’ लिहिलं असेल तर सावध राहा. कुणी, कशावरून, कुठं, हे त्यातून समजत नाही.

ही सावधगिरी फक्त आपल्याकडेच लागते असं नाही. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकेतली नामांकित कंपनी, तिच्या महागड्या तबकड्यांसाठी लोक रांगा लावत. मूळ टेपवरून थेट कापलेला, मध्ये कुठंही डिजिटल टप्पा नसलेला आवाज आपल्याला मिळतोय, अशी गिऱ्हाइकांची समजूत होती. जुलै २०२२ मध्ये फिनिक्स शहरातल्या एका रेकॉर्ड-दुकानदारानं उघड सांगितलं की त्यांच्या बऱ्याच तबकड्यांमध्ये डिजिटल टप्पा आहे. कंपनीनं ते मान्य केलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि सुमारे अडीच कोटी डॉलरची तडजोड झाली. मला यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. त्याच तबकड्यांच्या आवाजाची जाणकारांनी वर्षानुवर्षं तारीफ केली होती आणि ती तारीफ चुकीची नव्हती. डिजिटल टप्पा आला म्हणून आवाज बिघडतोच असं नाही. लोकांना चीड आली ती लपवाछपवीची.

एक खूण मात्र खरोखर उपयोगाची आहे, ती म्हणजे वेग आणि एका बाजूवरची मिनिटं. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते. लेबलाजवळ पोहोचेपर्यंत हे अंतर २० सेंटिमीटरच्या आसपास येतं. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा, म्हणून बाजूचं शेवटचं गाणं जरा दबलेलं, ‘स’ आणि ‘श’ फिसकटलेले ऐकू येतात. दोष गाण्याचा नसतो. म्हणूनच काही चांगल्या पुनर्मुद्रणांत एका एलपीच्या जागी ४५ फेऱ्यांच्या दोन तबकड्या देतात. दर थोड्या वेळानं उठून बाजू बदलावी लागते, पण फरक साध्या कानालाही कळतो. याउलट एका बाजूवर तीस-तीस मिनिटं भरलेली नवी तबकडी दिसली, तर ती कितीही ग्रॅमची असो, घेऊ नका.

संग्रह सुरू करताय, म्हणून सीडीसारख्या चकचकीत डिस्कबद्दलही थोडक्यात सांगतो. १९९९ मध्ये आलेली एसएसीडी खरोखर वेगळी आहे. तिच्यात साध्या सीडीपेक्षा जास्त तपशील मावतो, मात्र तो वाचायला वेगळा प्लेअर लागतो. जपानी एसएचएम-सीडीमध्ये प्लॅस्टिक जास्त पारदर्शक असतं, पण आतली नोंद साध्या सीडीचीच. तिथंही पुन्हा तोच प्रश्न: नोंद कोणत्या टेपवरून केली?

आता तुमच्या पेटीकडे वळू. खरी श्रीमंती तिथं आहे. जगभर पुन्हा छापले जातात ते जाझ, रॉक आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताचे अल्बम. आपल्याकडे हिंदी सिनेमाची गाणी आणि मोजकं शास्त्रीय संगीत नव्या तबकड्यांवर येतं. मराठी भावगीतं, नाट्यपदं, पोवाडे, लोकगीतं यांतल्या फारच थोड्यांच्या वाट्याला हे भाग्य आलं. अशा वेळी आजोबांची तबकडी हीच सर्वांत चांगली आवृत्ती, कारण टेप ताजी असताना ती छापली गेली.

एचएमव्हीच्या एलपीचं लेबल नीट पाहा. क्रमांकाआधी ईसीएलपी किंवा ईएएलपी असेल तर ती मोनो, ईसीएसडी किंवा ईएएसडी असेल तर स्टीरिओ. भावगीत गायक जी. एन. जोशी पुढं मुंबईत एचएमव्हीचे ध्वनिमुद्रण अधिकारी झाले आणि दिग्गजांना त्यांनी माइकसमोर आणलं. त्यांचं ‘स्वरगंगेच्या तीरी’ मिळालं तर जरूर वाचा. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांचा १९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा त्यांच्याच देखरेखीखालचा. त्याची जुनी, न घासलेली भारतीय एलपी कुठं मिळाली तर नव्याची वाट पाहू नका.

जाड, ठिसूळ आहेत त्या लाखेच्या, ७८ फेऱ्यांच्या. एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्यांनी एवढ्याशा वेळात राग उभा केला. यांच्या बाबतीत एक चूक माझ्या हातून झाली, ती सांगतो. एका नाट्यपदाची तबकडी बुरशीनं पांढुरकी झाली होती. दवाखान्यात वापरतात ते स्पिरिट कापसावर घेऊन मी ती पुसली. कापूस काळा झाला. मला वाटलं, मळ निघतोय. तबकडी उजेडात तिरपी धरली तेव्हा कळलं की पुसली तिथली चकाकीच गेलीय. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार पॉलिश करतात ते याच गुणावर, आणि हे मला ठाऊक असायला हवं होतं. वाजवली तेव्हा गाण्यावर खरखरीचा जाड थर बसला होता. तो आता कधीच जाणार नाही. तुम्ही लाखेच्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन काही लावू नका. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे दोन थेंब टाका, मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं फिरवा, साध्या डिस्टिल्ड वॉटरनं धुवा, लेबल भिजू देऊ नका, आणि लगेच सुती कापडानं टिपून सावलीत उभी ठेवा. तुमच्याकडे उसाच्या गळिताच्या हंगामात काजळी उडते, ती कोरडीच पुसली तर खाचेत घासली जाते. म्हणून आधी ब्रशनं झटका.

सुईही वेगळी लागते. ७८ ची खाच एलपीच्या खाचेच्या जवळजवळ तिप्पट रुंद असते. एलपीची सुई तिच्या तळाशी रखडते आणि ७८ ची जाड सुई एलपीचा सत्यानाश करते. जुन्या बऱ्याच प्लेअरमध्ये सुईशेजारी एक छोटी कळ असते, ती फिरवली की सुई बदलते. लावण्याआधी दर वेळी ती पाहा. बाजारात सुटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर आहेत, त्यांपैकी बहुतेकांच्या सुईचा दाब पाच ग्रॅमच्या घरात असतो. चांगल्या प्लेअरचा दीड-दोन ग्रॅम. नव्या तबकडीला घालवायचे तीन हजार आधी चांगल्या प्लेअरच्या खात्यात टाका, दाब कमी-जास्त करता येईल असा घ्या, आणि ‘ज्ञानेश्वर माउली’ त्याच्यावरच लावा.

तुम्ही एकटे नाही. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर यांनी तिचं काम वर्षानुवर्षं सांभाळलं, आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ या तिच्या नियतकालिकात जुन्या कलावंतांच्या ध्वनिमुद्रिकांच्या तपशीलवार याद्या आल्या. तुमच्या तबकड्यांवरचे क्रमांक तिथं ताडून पाहता येतील. त्यासाठी एक वही करा. प्रत्येक तबकडीच्या दोन्ही लेबलांवरचा मजकूर, कंपनी, क्रमांक, आणि लेबलाभोवतीच्या कोऱ्या पट्टीत कोरलेली बारीक अक्षरं उतरवून घ्या. मुंबईची ‘यंग इंडिया’ किंवा तशीच एखादी बंद पडलेली कंपनी निघाली, तर ती तबकडी कुणाला विकू नका, कुणाला वाजवायलाही देऊ नका.

या निमित्तानं नेवासा, राहुरी, शेवगाव, पाथर्डी भागातल्या वाचकांना एक विनंती. लग्नाच्या मांडवात, जत्रेत, गणपतीत रेकॉर्ड लावणारे लाऊडस्पीकरवाले गावोगाव होते. प्रल्हाद शिंदे, शाहीर साबळे यांच्या कितीतरी तबकड्या त्यांच्या पेट्यांत होत्या. कॅसेट आल्या आणि त्या पेट्या पोटमाळ्यावर गेल्या. तुमच्या ओळखीत असं घर असेल तर या उन्हाळ्याआधी तिथं जाऊन या. भंगारवाल्याला देण्याआधी निदान दोन्ही लेबलांचे फोटो काढा आणि आम्हाला पाठवा.