इंग्रजी बातमीतील ‘स्ट्राइक’

‘स्ट्राइक’ म्हणजे संप, एवढेच विद्यार्थ्यांस ठाऊक असते. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८ जानेवारी १९८२ रोजी पुकारलेल्या संपाच्या बातमीस तो अर्थ लागू पडतो. परंतु ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाविषयी तोच शब्द आल्यास ‘धक्का बसला’ असे म्हणावे लागते. वीज ‘स्ट्राइक’ करते तेव्हा ती पडते. शिराळ्यास सुपरिचित असलेला नाग करतो तेव्हा तो फणा मारतो. यास्तव शिक्षकांनी प्रथम वाक्याचा कर्ता शोधून घ्यावा व त्यास मराठीत शोभणारे क्रियापद विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावे. विजेच्या इशाऱ्यास संपाची वार्ता समजणारा मुलगा पावसात झाडाखालीच उभा राहील.