कमी बारचं यंत्र महाग का?

प्रश्न : आम्ही दोघी जावा मिळून सांगलीत सोसायट्यांचं पार्किंग, जिने आणि पाण्याच्या टाक्या धुऊन देण्याचं काम सुरू करतोय. 2019 च्या पुरानंतर घरं धुताना अशा कामाची गरज किती आहे ते आम्हाला कळलं. प्रेशर वॉशर बघायला गेलो, तर एका दुकानात 200 बारचं यंत्र स्वस्त आणि दुसऱ्या दुकानात 120 बारचं त्याच्या तिप्पट किमतीला. दाब कमी आणि पैसे जास्त, हे कसं? रोज चालवायला टिकेल असं कोणतं घ्यावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : महागडं घ्या, पण घेण्याआधी दुकानदाराला बारचा नाही, लिटरचा आकडा विचारा.

बार म्हणजे पाण्याचा दाब. काही खोक्यांवर तो पीएसआयमध्ये छापतात आणि आकडा एकदम मोठा दिसतो. 1 बार म्हणजे सुमारे 14.5 पीएसआय, त्यामुळे 2000 पीएसआयचं यंत्र म्हणजे जेमतेम 138 बारचं. पण धुण्याचं काम एकटा दाब करत नाही. दर मिनिटाला किती लिटर पाणी बाहेर पडतं, हा दुसरा आकडा. दोन्हींचा गुणाकार करून 600 ने भागलं की पाण्यात उतरलेली ताकद किलोवॉटमध्ये मिळते. 200 बार आणि मिनिटाला 6 लिटर : 2 किलोवॉट. 120 बार आणि 10 लिटर : तेही 2 किलोवॉटच. शिवाय खोक्यावरचे 200 हा बहुधा कमाल दाब असतो. सलग काम करताना मिळणारा दाब त्याहून कमी असतो आणि तो यंत्राला चिकटवलेल्या पट्टीवर ‘रेटेड’ म्हणून दिलेला असतो. तोच खरा धरा.

आता ताकद सारखी असेल, तर लिटर जास्त असलेलं यंत्र तुमच्या कामाला जास्त उपयोगी. चिकटलेला डाग दाबानं सुटतो, पण सुटलेला मळ वाहून न्यायला पाणीच लागतं. पुरानंतरचा गाळ तुम्ही स्वतः काढला आहे. मिनिटाला 6 लिटरच्या धारेनं तो नुसता इकडचा तिकडे सरकतो, मोरीपर्यंत पोचत नाही. पार्किंगमधल्या फरशीचं आणि पेव्हर ब्लॉकचंही तसंच. त्यात ब्लॉकच्या फटींवर फार जोराची धार धरली तर आतली वाळू उडून जाते आणि ब्लॉक हलायला लागतात. तुम्हाला 100 ते 130 बार आणि 10 लिटरच्या पुढे, एवढं पुरे.

तिप्पट किंमत मात्र लिटरची नाही. ती मोटर आणि पंपाची आहे, आणि तुमच्या प्रश्नातलं ‘टिकेल’ तिथेच ठरतं. स्वस्त यंत्रात बहुतेक वेळा मिक्सरसारखी कार्बन ब्रशची, प्रचंड वेगानं फिरणारी मोटर असते. आठवड्यातून एकदा अंगणातली गाडी धुवायला ती ठीक आहे. रोज चार-पाच तास चालवली तर ब्रश झिजतात, मोटर तापते आणि शेवटी जळते. पंपाचं हेड ॲल्युमिनियमचं किंवा प्लास्टिकचं असतं आणि बिघडल्यावर पूर्ण पंप बदलण्यावाचून गत्यंतर नसतं. बहुतेक घरगुती यंत्रांच्या वॉरंटीत धंद्यासाठीचा वापर बसत नाही, तेव्हा कार्डावरचा बारीक मजकूर दुकानातच वाचून घ्या.

महागड्या यंत्रात इंडक्शन मोटर असायला हवी, शक्यतो मिनिटाला 1440 च्या आसपास फेरे घेणारी. पंप क्रँकशाफ्टचा, तीन सिरॅमिक प्लंजरचा, पितळी हेडचा. क्रँककेसमध्ये तेल असतं आणि ते बघायला काचेची छोटी खिडकी असते. पहिलं तेल साधारण 50 तासांनी बदलायचं, पुढचं पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे. अशा पंपातले सील, व्हॉल्व्ह, प्लंजर सुटे मिळतात आणि बदलता येतात. यंत्र वजनाला जड असेल, जिन्यानं चढवताना दोघींनी धरावं लागेल, पण त्या वजनाला घाबरू नका.

यात सांगलीकरांचं एक भाग्य आहे. तासगावकडच्या द्राक्षबागांत फवारणीला वापरतात तो एचटीपी पंप याच घराण्यातला, तीन प्लंजरचा. गाड्यांच्या वॉशिंग सेंटरमध्येही पुष्कळदा तोच असतो. पाणी भरपूर, दाब कमी. हे पंप उघडून सील बसवणारे मिस्त्री तुमच्या भागात शोधायला लांब जावं लागणार नाही. यंत्राचे पैसे मोजण्याआधी अशा एखाद्या मिस्त्रीला गाठा आणि कोणत्या कंपनीचे सील किट त्याच्याकडे हाताशी असतात ते विचारा. त्याचं उत्तर मला कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोलाचं वाटतं. सील मागवून पंधरा दिवस वाट बघावी लागली तर तेवढे दिवस काम बंद.

चांगला पंपही दोन गोष्टींनी मरतो. एक, पाण्याविना चालणं : पिंपातलं पाणी संपलं, फिल्टर तुंबला किंवा आत येणारा पाइप फार बारीक असला की सील जळतात. दुसरी, गनचा खटका सोडून यंत्र तसंच चालू ठेवणं. पाणी पंपातल्या पंपात फिरत राहतं आणि तापतं. बोलायला थांबलात तर यंत्र बंद करा. आणि काही महिन्यांनी दाब कमी वाटला तर आधी नोझल बदलून बघा. झिजलेल्या नोझलचं खापर पुष्कळदा पंपावर फुटतं.

वीज सिंगल फेजच ठेवा, तीन फेजचं कनेक्शन प्रत्येक सोसायटीत हाताशी मिळत नाही. 3 अश्वशक्तीची मोटर चालताना 13 अँपिअरच्या आसपास ओढते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. बारीक वायरचा लांब एक्स्टेन्शन लावलात तर व्होल्टेज पडून मोटर तापेल. तांब्याची 4 चौरस मिलिमीटरची केबल घ्या आणि तिच्या तोंडाशी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, कारण हात कायम ओले असणार. टाकी धुताना यंत्र बाहेर, आत फक्त पाइप आणि गन. पेट्रोलवरचं यंत्र तळघरातल्या पार्किंगमध्ये कधीही चालवू नका, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दुकानात यंत्र चालवून दाखवायला सांगा. पिंपावर खूण करा, पाणी त्यातून ओढू द्या आणि पाच मिनिटं खटका दाबून ठेवा. 10 लिटरचं यंत्र असेल तर 50 लिटर उतरलं पाहिजे. तासाला हे 600 लिटर होतात, म्हणून काम ठरवतानाच पाणी कुणाचं ते सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलून घ्या.

गन कधीही स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या अंगावर धरू नका, पायातला चिखल धुवायलाही नाही. ही धार कातडीत घुसते. वरून टाचणीएवढं भोक दिसतं, पण आत पाणी आणि घाण शिरलेली असते. तसं झालं तर मलम लावून घरी बसू नका. लगेच इस्पितळ गाठा आणि ही दाबाच्या पाण्याची जखम आहे, हे डॉक्टरांना आधी सांगा.