मान डोलली, अर्थ बदलला

हाँगकाँग व ग्वांगडाँग प्रांतात बोलल्या जाणाऱ्या कँटोनीज भाषेत डोक्यास ‘थाउ’ म्हणतात. होकारार्थी मान खाली-वर हलविणे म्हणजे ‘ङाप थाउ’. लेखनात मात्र ‘तिम थाउ’ हा शब्द येतो. नकारार्थी मान हलविणे म्हणजे ‘निंग थाउ’, तर मान खाली घालणे म्हणजे ‘ताप ताय थाउ’. ‘से पोक’ म्हणजे शब्दशः खांद्यावरील ओझे उतरविणे. अर्थ मात्र जबाबदारी झटकणे!

आपल्याकडे होकार देतानाही मान दोन्ही बाजूंना डोलते. कँटोनीज भाषकास त्यात ‘निंग थाउ’, म्हणजेच नकार, दिसू शकतो आणि ठरलेला व्यवहार अडू शकतो. म्हणून संमती शब्दांतच द्यावी. त्यासाठीचा ‘होउ’ (चांगले, ठीक) हा शब्द उच्चाराने मराठी ‘हो’च्या अगदी जवळचा आहे.