जुन्या राजधानीची सफर

चीनमध्ये शिआन नावाचे एक मोठे शहर आहे. त्याचे जुने नाव चांगआन. हान आणि तांग घराण्यांच्या काळात ते चीनची राजधानी होते. रेशीम घेऊन पश्चिमेकडे जाणारे उंटांचे तांडे येथूनच निघत.

जुन्या शहराभोवती आजही भक्कम तट आहे. तो चौदाव्या शतकात बांधला. त्याची उंची सुमारे 12 मीटर आणि घेर जवळजवळ 14 किलोमीटर आहे. तट इतका रुंद आहे, की प्रवासी त्यावर सायकली चालवतात! तटाच्या आत घंटाघर व नगारखाना आहे. नगारखान्याच्या मागील गल्ल्यांत हुई मुसलमानांची वस्ती आहे. तेथील मोठी मशीद पाहून तुम्ही चकित व्हाल. तिला घुमट नाही. छपरे चिनी पद्धतीची, निळ्या कौलांची. मिनार म्हणजे तीन मजली, अष्टकोनी मनोरा. चिनी मंदिरे बहुधा दक्षिणाभिमुख असतात. पण ही मशीद पूर्व-पश्चिम बांधलेली आहे, कारण चीनहून मक्का पश्चिमेला आहे.

तटाबाहेर, शहराच्या दक्षिण भागात, विटांचा सात मजली पॅगोडा आहे. युआन श्वांग हा भिक्षू भारतात फिरून इ. स. 645 मध्ये चांगआनला परतला. त्याने भारतातून नेलेले ग्रंथ सुरक्षित राहावेत म्हणून इ. स. 652 मध्ये हा पॅगोडा उभारला गेला. हाच प्रवासी दुसऱ्या पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रातही आला होता. येथील लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले आहे.

पण शिआनला जाणारा प्रत्येक जण पाहतो ते मातीचे सैन्य. शहराच्या पूर्वेस सुमारे 35 किलोमीटरवर, 1974 साली, काही शेतकरी विहीर खणत होते. पाणी लागण्याऐवजी त्यांना भाजलेल्या मातीचे तुकडे सापडले. पुढे तेथे माणसाएवढ्या सैनिकांच्या रांगाच्या रांगा निघाल्या. चीन एकछत्री करणारा सम्राट चिन शी हुआंग इ. स. पूर्व 210 मध्ये मरण पावला. त्याच्या कबरीच्या रक्षणासाठी हे सैनिक घडवले होते. ते हजारो आहेत. तरीही त्यांचे चेहरे, मिशा व केशरचना वेगवेगळ्या आहेत. बहुतेक पुतळे फुटलेले होते. कारागिरांनी तुकडा तुकडा जोडून ते उभे केले. या कामाला फार चिकाटी लागते.

आज हे पुतळे मातकट दिसतात; पण मुळात ते लाल, हिरव्या, जांभळ्या रंगांनी रंगवलेले होते. रंगाखाली लाखेसारखा थर होता. दोन हजार वर्षे ओल्या मातीत राहिलेला हा थर कोरडी हवा लागताच काही मिनिटांत सुकतो, वळतो आणि रंगासह गळून पडतो. म्हणजे उकरणे हीच हानी! म्हणून संशोधकांनी पुष्कळ भाग मातीखालीच राहू दिला. रंग टिकवण्याचे उपाय सापडले, तरी ते घाई करत नाहीत. जवळच झाडांनी झाकलेली एक टेकडी आहे. तिच्याखाली सम्राटाची कबर आहे. ती अजून कोणी उघडलेली नाही.