जालपटलाची मोठी चीर

बेंगळूरजवळचे बेळ्ळंदूर हे एके काळचे तळ्याकाठचे खेडे. आज तेथे संगणकाच्या कचेऱ्या उभ्या आहेत आणि नोकरीनिमित्त गेलेली मराठी कुटुंबेही तेथे राहतात. अशा कचेरीत काम करणारा, जाड उणे भिंगांचा चष्मा लावणारा एखादा तरुण वाचकांनी कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. एके रात्री दिवा मालवल्यावर त्याला एका डोळ्याच्या कडेला वीज लवल्यासारखे दिसते. सकाळी काजळीच्या कणांसारखे काळे ठिपके तरंगू लागतात. डोळा दुखत नाही, लालही होत नाही, म्हणून तो म्हणतो, "शनिवारी दाखवू." त्या शनिवारपर्यंत डोळ्यात काय घडू शकते, हे आपणांस पाहावयाचे आहे.

डोळ्याच्या आतील भिंतीस जे प्रकाशग्राही पातळ अस्तर असते त्यास जालपटल म्हणतात. लोकभाषेत तोच डोळ्याचा पडदा. त्याच्या पुढची पोकळी काचरस नावाच्या पारदर्शक, खळीसारख्या पदार्थाने भरलेली असते. वाढत्या वयात हा रस पातळ होऊन आकसतो व जालपटलापासून सुटू लागतो. जेथे तो घट्ट चिकटलेला असतो, तेथे पडदा ओढला जातो. ही ओढ म्हणजेच ती वीज होय. ओढ अनावर झाली की पडदा फाटतो.

एका वाटीच्या आतील बाजूस ओला पतंगी कागद चिकटवावा व वाटीत हळूच पाणी भरावे. कागद अखंड असेतो जागचा हलत नाही. त्यास चीर पाडून वाटी हलविली, की पाणी चिरेतून मागे शिरते व कागद सुटू लागतो. जालपटल असेच सुटते. त्याच्या प्रकाशग्राही पेशींचे पोषण मागील रक्तवाहिन्यांच्या थरातून होते. पडदा सुटला की त्या उपाशी पडतात.

चीर डोळ्याच्या परिघाचा चौथा हिस्सा, म्हणजे घड्याळाच्या तीन तासांइतकी किंवा त्याहून मोठी असेल, तर तिला महाचीर म्हणतात. येथे पडद्याची मोकळी कड वहीच्या पानासारखी दुमडून मागे पडते. तीव्र लघुदृष्टी, डोळ्यास बसलेला मार आणि काही आनुवंशिक विकार ही तिची प्रमुख कारणे होत. लघुदृष्टीत नेत्रगोल लांबतो व पडदा ताणून विरळ होतो. संगणकाकडे पाहिल्याने चीर पडते, असा समज मात्र करून घेऊ नये.

हेल्महोल्ट्झने १८५१ साली नेत्रदर्शक यंत्र प्रसिद्ध केल्यावर सुटलेला पडदा वैद्यांना दिसू लागला. परंतु उपाय सापडेना. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील झ्यूल गोनँ याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले की, रोगाचे मूळ चिरेत आहे आणि चीर बंद केली तर पडदा पुन्हा बसतो. महाचीर मात्र दुमडत असल्याने दीर्घकाळ दुःसाध्यच राहिली. १९७० नंतर काचरस काढून टाकण्याची शस्त्रक्रिया आली. पुढे १९८०च्या दशकात पाण्याहून जड असा परफ्ल्युरोकार्बन द्रव हाती आला. हा द्रव डोळ्यात सोडला की तो तळाशी बसतो आणि दुमडलेला पडदा इस्त्री केल्यासारखा उलगडतो. मग चिरेच्या कडेने लेसर किरणांचे डाग देतात व शेवटी सिलिकोन तेल किंवा वायू भरतात. तेल बहुधा काही महिन्यांनी काढावे लागते. वायू डोळ्यात असेतो विमानप्रवास वर्ज्य असतो.

जालपटलाच्या मध्याशी पीतबिंदू असतो. वाचन व चेहऱ्यांची ओळख त्याच्यावर अवलंबून असते. तो सुटण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली, तर दृष्टी बरीच टिकण्याची आशा असते. तो सुटल्यावर पडदा बसला तरी दृष्टी पूर्ववत होईलच असे नाही. महाचिरेत ही मुदत कित्येकदा दिवसांची नव्हे, तासांची असते.

म्हणून अकस्मात वीज चमकू लागली, ठिपक्यांचा वर्षाव झाला किंवा कडेने सावली चढू लागली, तर त्याच दिवशी बाहुल्या विस्फारून तपासणी करून घ्यावी. दुसरा डोळाही तपासून घ्यावा, कारण तोही त्याच घडणीचा असतो. वेदना नाही म्हणून धोका नाही, हा न्याय येथे लागू पडत नाही; जालपटलाला दुखणे ठाऊकच नसते.