कोळ्याच्या आधी त्याचं खाणं सांभाळ

कोळी पाळलास, बरं केलंस. भिंतीवरचा हा उड्या मारणारा कोळी जागा थोडी घेतो आणि आवाजही करत नाही. पण मेलेला किडा त्याच्यापुढे टाकून भागत नाही, त्याला हलणारं भक्ष्य हवं. म्हणजे तुला खरं सांभाळायच्या आहेत त्या माश्या आणि अळ्या. त्या धड जगल्या की कोळ्याचं पोट आपसूक भरतं. कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत माश्यांच्या बाटल्या सांभाळण्यात माझी नोकरी सरली, त्यातलं तुझ्या कामाचं तेवढं सांगते.

पिल्लू कोळी असेल तर फळमाशी दे. आम्ही तिचं खाणं रव्यागुळाचंच शिजवायचो: एक लिटर पाण्यात 100 ग्रॅम रवा, 100 ग्रॅम गूळ आणि 10 ग्रॅम अगर-अगर. खाली उतरवल्यावर बुरशी धरू नये म्हणून साडेसात मिलिलिटर प्रोपिओनिक ॲसिड. ते अंगावर उडालं तर भाजतं, म्हणून ते काम तुमच्या कॉलेजातल्या लॅबवाल्यांकडूनच करून घे. बाटलीत ओतून गार झालं की वर यीस्टचे चार दाणे भुरभुरायचे आणि तोंडाला कापसाचा घट्ट बोळा. 25 अंशांत अंड्यापासून माशी व्हायला साधारण दहा दिवस लागतात.

माशी आखूड पंखांची घे, तिला व्हेस्टिजियल म्हणतात. ती उडत नाही, त्यामुळे घरभर होत नाही. पण तिला उन्हाळ्यात जपायला हवं. पारा तिशीला टेकला की याच माशीच्या पुढच्या पिढीला लांब पंख येऊ लागतात आणि नरांची वीणही बंद पडते. एप्रिल-मे महिन्यांत बाटल्या माठाशेजारी, जमिनीवर ठेव. केळ्यांवर घोंघावणारी घरची माशी आत शिरू देऊ नकोस. तिच्याशी जोडा जमला की होणारी सगळी पिल्लं उडणारी निघतात.

एका बाटलीवर कधी विसंबू नकोस. विरजण संपायच्या आत आपण चमचाभर बाजूला काढतो ना, तसं दर पंधरा दिवसांनी थोड्या माश्या नव्या बाटलीत घालायच्या. बाटलीवर तारीख लिहायची. महिना उलटलेली बाटली, माश्या दिसत असल्या तरी, टाकून द्यायची. तिच्यात बुरशी आणि बारीक माइट धरतात, आणि ते शेजारच्या बाटलीतही जातात.

कोळी मोठा झाला की मीलवर्म. गव्हाचा कोंडा आधी दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेव, म्हणजे त्यातले आयते किडे मरतील. मग गुळगुळीत भिंतींच्या प्लास्टिकच्या डब्यात तो तीन बोटं भर. या अळ्यांना गुळगुळीत भिंत चढता येत नाही. पाणी म्हणून गाजराची चकती, आणि ती सुकायच्या किंवा सडायच्या आत बदलायची. कोंड्यावर पाणी शिंपडलंस तर आठवड्यात माइट दिसतील. कोष दिसले की वेगळ्या डबीत काढ, नाहीतर भुंगे ते कुरतडतात. आणि डबा पिठाच्या डब्यांपासून लांब ठेव, कारण हा धान्यात पडणाराच किडा आहे.

रातकिड्यांच्या नादी एवढ्यात लागू नकोस. नर रात्रभर किरकिरतात, डब्याला वास येतो आणि पाणी कमी पडलं की एकमेकांना खातात.

ज्या स्टुलावर कोळी आणि बाटल्या ठेवशील त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेव. लाल मुंग्या एका रात्रीत बाटलीही रिकामी करतात आणि कोळ्यालाही सोडत नाहीत. त्या खोलीत डासांची अगरबत्ती किंवा मशीन लावायचं नाही, आणि झुरळांचा खडूही ओढायचा नाही. झुरळ मारणारं औषध कोळ्यालाही मारतं. त्याच कारणाने बागेतले, शेतातले किडे पकडून आणू नकोस. कशावर काय फवारलंय ते कळत नाही.

कोळ्याच्या अंगापेक्षा मोठं भक्ष्य देऊ नकोस. अळी देताना तिचं डोकं चिमट्याने दाब, म्हणजे ती मातीत घुसणार नाही आणि चावणारही नाही. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढून घे. कोळी जाळ्याच्या पिशवीत स्वतःला कोंडून बसला की कात टाकायची तयारी समज. तेव्हा आत एकही जिवंत किडा नको, मऊ अंगाच्या कोळ्याला अळीसुद्धा कुरतडते.

गणपतीला गावी जाशील तेव्हा मोठ्या कोळ्याला पोटभर खाऊ घाल आणि डब्याच्या भिंतीवर पाण्याचे तुषार मार. आठवडाभर उपास त्याला सोसतो, तहान सोसत नाही. मीलवर्म फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवले तर वाढ थांबून तग धरतात. फक्त आधी आईला विचार, आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘अळ्या’ लिहून ठेव.